खरा हंस

हॅलो?… हॅलो, कोण?… अरे वा, काका! बोला ना… नाही नाही, मोकळीच आहे… हो, तुमची बिल्ल्यांची फ्रेम पोचली. प्रदर्शनवाल्यांनी सगळेच प्लास्टिकचे बिल्ले माझ्याकडे पाठवलेत. जुने अस्सल कुठले, नकली कुठले, ते मी सांगायचं, मग ते मांडणार…

हो, हो, पाहिले. समोर टेबलावरच आहेत… लाल जहाज? ते गेलं… गेलं म्हणजे नकली, काका… अहो, ऐका तर! मागची पिन गोंदाने चिकटवलीय. जुन्या बिल्ल्यात प्लास्टिक गरम असतानाच पिन रुतवायचे, तिचा गंज आतपर्यंत उतरतो. तुमचं जहाज मागून कोरं करकरीत… आता कोणी गंडवलं ते तुम्हीच आठवा…

हंस?… हां, म्हणजे हंसासाठी फोन! मला वाटलं, माझी चौकशी करायला… चेष्टा हो… हातातच आहे. अंगठ्याने घासला की कापराचा वास येतो, जुन्या प्लास्टिकची खूणच ती… पण मला तुमचं मत हवंय. तुम्ही एवढे जुनेजाणते. खरा आहे?… शंभर टक्के?… आणि हे कळलं कधी तुम्हाला?… पहिल्यांदा पाहिला तेव्हाच! वा. नजर आहे तुमची.

मग बाबांना नकली का म्हणालात?

…हॅलो? आहात ना?… कुठला म्हणजे? हाच… दुसरा कसा असेल? शेपटीवर दात उमटलेत, काका. माझे. दुधाचे. बाबांनी तोंडातून ओढून काढला होता माझ्या…

हो, होतेच मी लहान. पण दाराआड उभी होते. ‘दादा, फसलास तू. टाकाऊ माल आहे हा. दे इकडे, कचऱ्यात टाकतो.’ असंच म्हणालात ना?… त्या दिवसापासून त्यांनी कोटाला काही लावलं नाही. कुणी काही दाखवायला आणलं की म्हणायचे, मला नका विचारू, मला त्यातलं कळत नाही. जाईपर्यंत हेच…

जुनं झालं? तुमच्याकडे झालं असेल. माझ्याकडे ताजं आहे.

तर कार्डावर काय लिहू?… अस्सल लिहिलं तर मूळचा कुणाचा, तेही लिहीन. आणि तुमच्याकडे कसा आला, तेही… मग नकली लिहू? तुमचाच शब्द आहे. परत न्यायचे कष्ट घेऊ नका, मीच टाकते कचऱ्यात… ओरडू नका… आता रडूही नका. या फोनची मी किती वर्षं वाट बघितलीय, ठाऊक आहे?…

काय करू म्हणजे?… मला नका सांगू. मला सगळं माहीत आहे. आईला सांगा… हो, इथेच बसलीय, मटार सोलत… नाही, उद्या नाही. आत्ता… आई, घे. भावोजी आहेत तुझे.

आईने हात पुसले आणि फोन कानाला लावला.

हं, बोला भावोजी… बरी आहे… कुठला हंस?… …हो, यांच्या कोटावरचा… काय होता?… खरा?…

आईचा हात मटारच्या शेंगांवर तसाच राहिला.

म्हणजे यांनी बरोबर ओळखला होता… आणि तुम्हाला ठाऊक होतं?… …

लेक टेबलाला धरून उभी. आता आईला हुंदका फुटणार, असं तिला वाटलं. पण शेजारच्या घरात चमचा पडला तरी जिला ऐकू जातं, ती आई म्हणाली,

ऐकू येत नाही हो नीट. परत सांगा… मोठ्याने… अहो, अजून मोठ्याने. तुमच्या घरात कोण कोण आहे? त्यांनाही ऐकू जाऊ दे… हं, ‘मी दादाला’… पुढे?… छे, नाही कळलं. पहिल्यापासून सांगा… हॅलो?… हॅलो?…

ठेवला मेल्याने. लाव गं परत.