दाराच्या रबराचा मुहूर्त

सगळा घोळ आमच्या अण्णामामांनी घातला, हे आधीच सांगून टाकतो. एकाहत्तरला मी कॉलेज सोडलं आणि नगरला त्यांची जुनी मोटार दुरुस्त करायला घेतली. दसऱ्याला गाडी तयार झाली तर टॅक्सी म्हणून मलाच चालवायला देणार, असा त्यांचा शब्द होता.

दसऱ्याच्या सकाळी दारांना नवीन रबर चिकटवलं आणि मामांना बजावलं, "सोल्यूशन वाळेपर्यंत दार लावू नका."

मी झेंडूचा हार घेऊन येतो तर मामा स्टिअरिंगवर, आणि चारी दारं बंद!

"हे काय केलंत?"

"मुहूर्त टळत होता," मामा काचेतून ओरडले. "दारं उघडी टाकून कुणी मुहूर्त करतं का, गाढवा? आता उघड, चिकटलंय हे!"

"मग बसा आतच पुढच्या दसऱ्यापर्यंत!"

शेवटी मीच दार ओढलं. पुण्याहून मागवलेलं रबर टराटरा फाटलं. मामा धोतर सावरत उतरले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "कॉलेज अर्धवट, कामही अर्धवट."

टॅक्सी त्यांच्या जावयाला मिळाली. मी सुप्याच्या रस्त्याला दुसऱ्याच्या गॅरेजात पंक्चर काढतो.