शिसमाची पट्टी

न्हाई, न्हाई ताई, ती काठवट पिशवीतनं काढूच नका — तशीच न्या माघारी. व्हय, बोर्डावर लिव्हलंय, ‘तुमच्या घरचं लाकूड, तुमच्या घरचा करंडा’, मीच लिव्हून घेतलंय ते, न्हाई कसं म्हनू — पर ते काम आता बंद केलंय. पाच महिनं झालं. बोर्ड उतरवायचा राहिलाय, येवढंच. माझा हा उजवा खांदा वर जात न्हाई, आन शिडीवर चढनारा हुता तो गेला — म्हंजे जित्ता हाय हो, मेलाबिला न्हाई, राहुरीला सासुरवाडीत जाऊन बसलाय — ते जाऊ द्या. तुमी तयार माल बघा ना. हे वाडगं बघा, फुलदानी बघा, हे कुंकवाचं करंडं. ही पांढरट पट्टी आंब्याची, ही पिवळी हेदूची, ही लालसर बाभळीच्या गाभ्याची, आन ही काळी शिसमाची. हे सगळं लाकडाचं अंगचं रंग हायेत, वरनं एक थेंब लावलेला न्हाई. टाकाऊ तुकडं असत्यात — मोडक्या गाडीचं, खिडक्यांचं, फर्निचरवाल्याच्या दारात पडलेलं — त्याच्या पट्ट्या काढायच्या, फिक्याशेजारी गडद लावायचं, फेविकॉल लावून शिकंज्यात आवळून दोन दिवस ठिवायचं, मग लेथवर गोल करायचं. दिसायला सोपं दिसतंय. बसा, बसा त्या खुर्चीवर, तिच्यावरचा भुसा झाडा तेवढा.

कुठनं आलात म्हनला? राळेगणकडनं? मंग लई लांबनं आलात की काष्टीला, आन ते बी शनिवारी, बाजाराच्या गर्दीतनं. पानी प्या. काठवट कुनाची, सासूची? — आईची. कधी गेल्या? — संक्रांतीला. हं. बघू बरं. निस्तं बघतो, घेनार न्हाई, आधीच सांगतो. आंब्याची हाय. चीर गेलीय ती पार मधोमध, बरुबर. आन हे बघितलंत का — खळगा डाव्या अंगाला जास्त हाय. भाकरी थापताना हात डावीकडं सरकायचा त्यांचा. चाळीस-पन्नास वर्सं थापल्याबिगर येवढं लाकूड झिजत न्हाई. ह्याला तेल न्हाई लागलेलं, पीठ आन पानी, त्याच्यामुळं फेविकॉल धरंल झकास. तेल प्यालेलं लाकूड धरत न्हाई ना, सुटतं. ह्याच्या दोन पट्ट्या निघतील, मधी ही, दोन्हीकडनं शिसम लावलं की — न्हाई. घ्या. ठेवा ती पिशवीत. म्हनलं ना बंद केलंय म्हनून.

का म्हंजे? आता का म्हंजे काय सांगू तुमाला. आमचा बाप गाड्या करायचा. ह्या बाजाराला येनाऱ्या निम्म्या बैलगाड्या आमच्या दारातनं गेलेल्या हुत्या कवातरी. मग टायरच्या गाड्या आल्या, मग ट्रॅक्टर, आन मी आन माझा भाऊ सहादेव, आमी ह्या रंगीत पट्ट्यांच्या कामाला लागलो. मी थोरला, तो सात वर्सांनी धाकटा. बाप गेला तवा तो शाळेत हुता. माझ्या लग्नात तो करवला म्हनून मिरवला आन दुसऱ्या दिवशीपासनं माझ्या बायकोच्या हातचं जेवला — त्याचं लग्न हुईस्तोवर, बारा वर्सं. हिनं त्याला दीर न्हाई मानलं, पोराच्या जागी मानलं. हे ध्यानात ठेवा, म्हंजे मग पुढचं कळंल तुमाला. पुढं एक मानूस बापाच्या गाडीचं जू घिऊन आला, म्हनला, ह्याचं काय तरी करा, फेकवत न्हाई. आमी त्याची एक पट्टी काढली, वाडग्यात मधोमध बसवली. त्यो मानूस वाडगं छातीशी धरून रडला हो, हितं, तुमी बसलाय तितं. तिथनं सुरू झालं. लोक काय काय आनायचं — पाळन्याचं पाय, जात्याचा खुंटा, देवघराची चौकट — आन आमी त्यांचं लाकूड त्यांना करंड्यात घालून द्यायचो. विश्वासाचं काम. एकदा पट्टी कापून गोल केली की मालकाला काय कळनार, आपलं लाकूड कंचं? आमी म्हनू तेच.

दोन वर्सांमागं हा खांदा गेला माझा. तवापासनं लोकांशी बोलायचं मी, पट्ट्यांची रचना कागदावर काढायची मी, आन कापनं, चिकटवनं, लेथ, पॉलिश समदं सहादेवकडं. हात कुनाचा चांगला म्हनाल तर त्याचा. माझ्यापेक्षा चांगला. तोंडानं कधी म्हनलो न्हाई त्याला, तुमाला सांगतो.

सुरेखा — म्हंजे आमची मंडळी — तिला जाऊन चार वर्सं झाली. ह्या वैशाखात सायलीचं, माझ्या पोरीचं लग्न झालं. आईबिगर पोरगी सासरी जानार, मनात आलं, आईचं काय तरी संगं द्यावं. सोनं-नानं देतंय कोन बी. हिचं लाटनं हुतं शिसमाचं, माहेरनं आनलेलं. ते मी सहादेवच्या हातात दिलं, म्हनलं, सहादू, ह्याची पट्टी घालून करंडा कर सायलीला, मला बघवायचं न्हाई कापताना. व्हय म्हनला. मान खाली घालून व्हय म्हनला. आठ दिवसांनी करंडा दिला — काय करंडा, ताई! आंबा, हेदू, आन कमरेला, झाकन बसतं तिथं, ही काळीभोर पट्टी. मांडवात समद्यांसमोर पोरीच्या हातात दिला आन म्हनलं, बाळा, आई हाय ह्यात. दोनशे मानसांम्होरं म्हनलं. बायका पदर लावत हुत्या डोळ्याला. आन सहादेव तिथंच उभा, वाढप्यांना सूचना करत.

मग आखाडाला पोरगी माहेरी आली. सहादेवच्या घरनं जेवायचं बोलावनं आलं, गेलो, पुरनपोळ्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी पोरगी म्हनली, करंड्याचं झाकन घट्ट बसतंय. पावसाळी हवेनं लाकूड फुगतं, त्यात काय नवल न्हाई. येवढं काम माझा खांदा करतो. सहादेव बाजारात गेल्ता, मीच लेथवर चढवला, झाकनाच्या काठाला पटाशी लावली, निस्ती टेकवली — आन काळ्या पट्टीतनं पांढरा छिलका निघाला. पांढरा, ताई. शिसम आरपार काळं असतं, शंभर वर्सं छिललं तरी काळंच निघतं. लेथ थांबवली. चष्मा पुसला. पुन्ना टेकवली. आंबा हुता तो. साधा आंबा, वरनं काळा केलेला — गंजकं खिळं चिंचेच्या पान्यात भिजवून काळा रंग करत्यात, बापाच्या वेळेपासनंचा — आन लावलेला किती साफ, रेघेच्या भायेर केसभर न्हाई. बारीक बुरशानं बसून लावलंय. मला फसवायला येवढी मेहनत घेतली हो त्यानं.

आला बाजारातनं. मी छिलका त्याच्या तळव्यावर ठिवला. बघितलं. म्हनला, दादा, वहिनीचं लाटनं चिरवंना मला. मी म्हनलं, मग मला सांगायचं! तर म्हनतो कसा — तुला सांगितलं असतं तर तू चिरलं असतंस. ऐका! मी चिरलं असतं म्हनं. कुठंय लाटनं? तर घरी. त्याच्या घरी. त्याची बायको पोळ्या लाटतीय त्याच्यावर रोज. म्हंजे आदल्या दिवशी आमी खाल्ल्या त्या पोळ्या, मी आन पोरीनं — तिच्याच लाटन्याच्या. कुनी एक शब्द बोललं न्हाई. वाढत हुते, घे बाळा अजून एक, म्हनत हुते. मला सांगा, ह्याला काय म्हनायचं? पोटात ठिवून वाढायचं जमतंच कसं मानसाला? परका असता तर शिव्या दिऊन मोकळा झालो असतो. माझ्या पाठचा भाऊ हाय. माझ्याच ताटातला.

आन मग माझ्या डोक्यात आलं, आरं, मग बाकीच्यांचं काय? इचारलं. त्यानं वर माळ्याकडं बघितलं. त्यालाच चढवला, एकेक खाली द्यायला लावलं. अकरा निघाली. अकरा घरांची लाकडं, जशीच्या तशी, पोत्यात गुंडाळून, भुंगा लागू नये म्हनून लिंबाचा पाला घालून, खडूनं नावं लिव्हून. झुंबरबाईचा जात्याचा खुंटा. कारभारीच्या नातवाचा पाळना. म्हंजे ह्या अकरा घरांनी करंडं नेलं, कुनी फोटूम्होरं ठिवलं, कुनी लेकीला दिलं, आन त्यात साधी भंगारातली पट्टी! म्हनला, दादा, जुन्यात खिळं असत्यात, ब्लेड मोडतं, तेल मुरलेलं असलं की सांधा सुटतो, एक वाडगं उकलून माघारी आलं तवा त्या बाईचं रडनं मी ऐकलं, तू नव्हतास हितं. म्हनला, मोडक्या खऱ्यापरीस धड असलेलं बरं. अशी कारनं. आन ही आमची अकरा घरं. आन पार तळाशी ते वैजनाथच्या बापाच्या नांगराचं लाकूड, बारावं, त्याच्यावरचं अक्षर —

काय न्हाई. चहा घेता का? समोर चांगला करतो. — न्हाई, अकराच. मी अकराच म्हनलं. बारा म्हनलो का? बारावं… ते जुनं हाय, ताई. आठ वर्सांमागचं. तवा लेथ माझ्याकडंच हुती.

आता इचारलंत म्हनून सांगतो. वैजनाथची आई, बनाबाई, नवऱ्याच्या नांगराचं लाकूड घिऊन आली. मी चिरलं तर आत निस्तं पीठ. भुंग्यानं पार पोकळ केलेलं, बोट घातलं तर आरपार. त्याची पट्टी निघनंच शक्य नव्हतं. आन ती म्हातारी पायऱ्यांवर बसून हुती, दोन दिवस येत हुती रोज, झालं का म्हनून. काय सांगू तिला? तुझ्या नवऱ्याचं हे येवढंच उरलंय म्हनून सांगू? मी बाभळीची दुसरी पट्टी घेतली. तसलीच लाल. वाडगं हातात दिलं आन म्हनलं, बनाबाई, मालक हायेत ह्यात. हेच शब्द. ती त्यात नवऱ्याचा चष्मा ठिवती अजून. आन लाकूड फेकवंना म्हनून खडूनं नाव टाकून माळ्यावर सारलं, पुन्ना कधी वर चढलो न्हाई. सहादेव तवा शेजारीच हुता, शिकंजा आवळत. बघत हुता. एका शब्दानं बोलला न्हाई, आन मी बी कधी इषय काढला न्हाई.

पर माझं एकच हुतं हो! एकच, आन ते बी नाइलाजानं! त्यानं अकरा केली, आन माझ्या बायकोच्या लाटन्यात मला फसवलं — हे सारखं कसं? त्या दिवशी ते बारावं हातात धरून उभा हुता तो शिडीवर, म्हनला, दादा, हे अक्षर कुनाचं? येवढंच. मी त्याला खाली उतरवला आन हानली एक. त्रेपन्न वर्सांच्या मानसाला, भर बाजाराच्या दिवशी, समोर चहावाला बघतोय. म्हनलं, चालता हो. गेला. आपली पटाशी तेवढी घेतली. लाटनं दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनं आनून दिलं, फडक्यात गुंडाळून, ते तितं फळीवर हाय, मी सोडलं न्हाई अजून. करंडा पोरीनं सासरी नेला. तिला सांगितलं न्हाई. झाकन सैल करून दिलं, काळं परत लावलं. — व्हय, मीच लावलं. हाताला तेवढं जमतं अजून.

न्हाई, कुनालाच सांगितलं न्हाई. अकरा घरांना न्हाई, बनाबाईला न्हाई. तुमाला कसं सांगून बसलो, मला बी कळंना. तुमी त्या काठवटीवरनं हात फिरवत बसलाय म्हनून असंल. आता कळलं का, मी का घेत न्हाई? लाकूड चांगलं हाय तुमचं, खोट त्यात न्हाई. तुमच्या आईची एक पट्टी मी सहज —

काय म्हनलात? — हितं बसून बघता? कापल्यापासनं पॉलिश हुईस्तोवर, दोन दिवस? शेजारी लॉजवर ऱ्हाऊन?

पन्नास वर्सं झाली मला ह्या खोलीत, ताई. बापाच्या हाताखाली आलो तवा धा वर्सांचा हुतो. गिऱ्हाइकानं शेजारी खुर्ची टाकून माझ्या हाताकडं बघत बसायचं, कुनी म्हनलं न्हाई अजून. एकानं न्हाई. लोक लाकूड टाकून निघून जायचं, पावती न्हाई का काय न्हाई. न्हाई, तुमी वाईट नका मानू, तुमचं चुकीचं न्हाई. आता मी समदं सांगितल्यावर दुसरं काय म्हननार तुमी. तुमच्या जागी मी असतो तर मी बी बसलो असतो, डोळं न मिटता.

पर माझ्याच्यानं न्हाई व्हायचं ते. पट्टी कापताना पाठीवर तुमची नजर, आन मनात हेच की ही बाई बरुबर करतीय — पट्टी वाकडीच जायची हो.

घ्या पिशवी. दौंडला न्हाई तर पुन्याला कोन तरी मिळंल, नव्या मशिनी असत्यात त्यांच्याकडं, बसून बघा, काय म्हननार न्हाईत. उठा. पायरी बघून उतरा, तितं फळी हलती. — न्हाई ताई, ‘विचार करा’ नका म्हनू. उठा म्हनलं ना.