सायलेन्सरचं तोंड आणि माझा गोळा

हसू नका, पण मध्य प्रदेशात, धारला, आमच्या अंगणातल्या ह्यांच्या दुरुस्तीच्या कामात ट्रॅक्टरच्या सायलेन्सरचा पाइप माझ्या अकलेने रुंद झालाय. दुसऱ्या पाइपवर बसावा म्हणून ह्यांनी एकाचं तोंड रुंद करताना ठोकून ठोकून फाडलं होतं. आता शेवटचा पाइप उरलेला, आणि जवळच्या नालछा गावचं गिऱ्हाईक ओट्यावर बसलेलं.

बाळ उठेल, आग लागेल, या धास्तीतच मी माझा गोळाफेकीचा लोखंडी गोळा आणला.

“तोंड लाल करा, वर हा ठेवा नि मधोमध ठोका. सगळीकडून सारखं उघडेल... बहुतेक.”

“बीएस्सी झालीस तू, लोहार नाही,” हे म्हणाले. पण ठोकलं.

घेर अगदी गोल निघाला!

गिऱ्हाईक म्हणालं, “भिया, पाइप मैं ला दूँगा, एक और बना दो.”

हे ऐटीत म्हणाले, “मॅडम से पूछना पड़ेगा. अभी बच्चे को सुला रही हैं.”