रस्त्यात सापडलेले चार नट

(जळकोट, सडकेकडेचं मोटार दुरुस्तीचं दुकान. सन १९५७. सकाळ.)

चाँदपाशा : ...आन् दादा दारू पिऊन व्हता असं पोलिसांनी लिवलं, वहिनी. आमी न्हाय. आता भाईला इच्यारून काय निघणार?

द्वारकाबाई : तू धाकटा हाईस, चाँदपाशा, जरा गप ऱ्हा. चाक बदलाया माझा नवरा तुज्याकडं न्हाय, तुज्या भावाकडं आलता. खाजाभाई, हे घ्या. पदराची गाठ तुमीच सोडा.

खाजाभाई : ...नट हायती. चाकाचे.

द्वारकाबाई : कोणत्या गाडीचे?

खाजाभाई : ट्रकचे. एका चाकाला सहा असत्यात, हे चार. कुठं घावले?

द्वारकाबाई : सडकंवर. तुमच्या दुकानातनं त्यो निघाला आन् अर्ध्या तासात ट्रक घिऊन नाल्यात मेला. मरता मरता बिराप्पाच्या आईला, म्हाळसाबाईला, चाकाखाली घिऊन गेला. आज बारा दिस झाले. दहाव्याला दारात माणूस न्हाय. समदे म्हणत्यात, बब्रुवान पिऊन व्हता. म्हणून काल म्या इथनं उतारापत्तुर चालत गेले, वाकून वाकून. पैला नट मरीआईच्या देवळापाशी. दुसरा पुलाच्या अल्याड. हे दोन उताराच्या तोंडाला. खाजाभाई, माणसानं दारू पिली म्हणून गाडीचे नट गळत्यात व्हय?

चाँदपाशा : सडक हाय, वहिनी. कुणाचेबी पडत्यात.

खाजाभाई : चाँद, बस. आटे बघ ह्याचे. साबूत हायती.

द्वारकाबाई : मला कळंल असं सांगा.

खाजाभाई : ताई, धक्का बसून नट तुटला तर हे आतले आटे खरवडून निघत्यात. हे तीन बघा, नव्यावानी. हे आपसूक फिरत फिरत बाहेर आले. ह्यो चवथा तेवढा घासलाय. शेवटपत्तुर त्यानंच चाक धरलं असंल.

द्वारकाबाई : आपसूक कसे येतील?

चाँदपाशा : भाई, नका.

खाजाभाई : आवळलेच नव्हते म्हणून.

द्वारकाबाई : आवळलेच नव्हते? ह्या दुकानात?

खाजाभाई : चाक बदलायची रीत असती, ताई. गाडी जमिनीवर असतानाच नट थोडे ढिले करायचे, मग जॅक लावायचा. नवं चाक चढवलं की नट हातानं फिरवून बसवायचे, पान्यानं बेताचेच वढायचे. अधांतरी चाकावर जोर लावला तर गाडी जॅकवरनं घसरती. मग गाडी खाली घ्यायची. आन् चाक जमिनीवर टेकलं की मोठ्या पान्यानं, एक हिकडचा, एक समोरचा, असे सहाच्या सहा आवळायचे. शेवटचं ते काम ऱ्हायलं.

द्वारकाबाई : का ऱ्हायलं?

खाजाभाई : तहसीलची जीप आली. सायेब हॉर्न वाजवत व्हता. म्या पाना घिऊन तिच्याखाली गेलो.

चाँदपाशा : आन् जॅक म्या काढला, वहिनी. मला वाटलं, भाईनं आवळलंय. बब्रुवानदादानं इच्यारलं, झालं का? म्या म्हणलो, झालं, निघा.

द्वारकाबाई : म्हंजी दोघांलाबी ठावं नव्हतं.

चाँदपाशा : व्हय, वहिनी. गलती झाली. पर जाणून न्हाय केली.

खाजाभाई : चाँदला ठावं नव्हतं. मला व्हतं.

चाँदपाशा : भाई, काय बोलताव?

खाजाभाई : तुला सांगितलं न्हाय. जीपखाली पडलो व्हतो, ट्रक निघाल्याचा आवाज आला. आन् हातातला पाना बघितला. मोठा पाना एकच हाय दुकानात. त्यो माज्या हातात, मंग नट आवळले कुणी?

द्वारकाबाई : तवा ट्रक कुठवर गेला व्हता?

खाजाभाई : वडापाशी. दिसत व्हता.

द्वारकाबाई : तुमच्याकडं सायकल हाय.

खाजाभाई : हाय.

द्वारकाबाई : मंग?

खाजाभाई : सायेब वरडंल वाटलं. वाटलं, नळदुर्ग काय लांब न्हाय, तिथवर टिकतील. सांजच्याला निरोप धाडू. ताई, कुराणाची कसम, मरंल असं वाटलं न्हाय.

द्वारकाबाई : बारा दिस तुमी जेवला?

खाजाभाई : जेवलो.

चाँदपाशा : वहिनी, पाया पडतो. तुमाला कळलं, बास झालं. हे बाहेर काढू नका. पोलिस ॲक्शनच्या साली, निजामाचं राज्य गेलं तवा, आमचे अब्बा गेले, घर जळालं. परत आलो तवा गावात कुणी पाणी देत नव्हतं. आठ-नऊ वरसं झाली, आता कुठं लोक सलाम घ्यायला लागलेत. मुसलमानानं दोन माणसं मारली म्हणतील. आमच्या पोराबाळांनी कुठं जायाचं?

द्वारकाबाई : परत आलाव तवा पैली गाडी कुणी आणली तुमच्या दारात?

चाँदपाशा : दादानं.

द्वारकाबाई : लोकांनी लई सांगितलं त्याला, जाऊ नगं तिकडं. घरी यून मला म्हणला, खाजाभाईच्या हाताला इमान हाय. त्यानं उभ्या जन्मात थेंब तोंडाला लावला न्हाय, खाजाभाई. आज पोरं माझ्या लेकीला, अयोध्येला, दारुड्याची म्हणून दगडं मारत्यात. काल बिराप्पा दारात थुकून गेला. म्या थुकी पुसली, का तर वाटलं, खरंच असंल त्याचं.

खाजाभाई : तुमी म्हणाल ते करतो. पोलिसात चला म्हणाल तर चला.

द्वारकाबाई : पोलिसात मागनं. आधी बिराप्पाच्या घरी.

चाँदपाशा : बिराप्पाच्या? त्यो धनगर माणूस, हातात कुऱ्हाड असती त्याच्या! भाई, नका जाऊ.

खाजाभाई : म्हातारी त्याची गेली, चाँद. त्याला ठावं पायजे, कुणामुळं गेली.

द्वारकाबाई : म्या मधी पडणार न्हाय, खाजाभाई. आदीच सांगते. मारलं तरी मधी पडणार न्हाय.

खाजाभाई : नका पडू.

चाँदपाशा : मंग मीबी येतो. निघा म्हणणारा मीच व्हतो.

खाजाभाई : तू ऱ्हा. घरात बाया-पोरं हायती.

चाँदपाशा : न्हाय, भाई.

द्वारकाबाई : या दोघंबी. म्या म्होरं चालते. तुमी मागनं या, जरा अंतर ठिवून. मला तुमच्या संगं चालवणार न्हाय.