डब्यावरची ताकद

अवो उभ्या का, बसा की त्या पोत्यावर — आन् तो क्यामेरा जरा खाली घ्या, म्हस बुजती. नवखं माणूस दिसलं की पान्हा चोरती ती, मग दूध कट्ट्यावरची माणसं रिकामं गिलास घिऊन 'झुंबरबाई, झुंबरबाई' बोंबलत बसत्यात. हं, धरा हा गिलास. आत्ताच्या धारा हायत, कोमट हायत तवर प्या. न्हाय? बरं, ऱ्हाऊ दे, हितं ठिवतो.

काय म्हणालासा? म्हशीपशी उभं ऱ्हायचं, डबा हातात धरायचा आन् हसायचं? येवढीच जाहिरात? द्या बघू डबा. — व्हय, ह्योच की! वळखतो मी ह्याला. आमच्यात असल्याच एका डब्यात मीठ भरून ठिवलंय. आमचं मालक, गणपतराव, पैलवान माणूस. तालमीत डबा म्हंजे खुराक, दुसरं काय ठावंच न्हाय त्यास्नी. आमच्या पोरीनं, स्वप्नालीनं, डबा मागितला आन् ह्यांनी वरचं चित्र बघिटलं — ह्ये येवढं मोठं 'ताकद', खाली बाई दंड फुगवून उभी — झालं! सगळ्या तालमीला सांगत सुटलं, पोरगीनं खुराक लावला म्हणून. सवता आणायचं, सवता घोटून द्यायचं. जेवणावर न्हवं, बारीक व्हायला जेवणाच्या बदली प्यायचा असतोय, हे कुणी सांगिटलं वो त्यास्नी? मागं लिवलंय म्हंता? मुंगीयेवढं लिवलंय ते.

आन् तुमची टीव्हीतली ती बाई! आधी म्हंती, जशी हाईस तशी झ्याक हाईस, लाजू नगं, मनसोक्त खा — जिलबी खाती, बोटं चाटती — आन् लगेच कमरंला टेप! माप बसलं की नवरा खूश. मग ह्यातलं पोरीनं काय ऐकायचं? मला तर कळंना बाई. आमच्या पोरीनं टेपाचं ऐकलं. जयसिंगपूरचं पावणं बघाय आलतं, जाता जाता त्यांची आत्या म्हणाली, पोरगी दूधदुभत्याच्या घरची दिसती. आमी खूश की! आमच्यात ते कवतिक असतंय. पोरगी आत गेली, ती त्या दिवसापासनं ताटावर धड बसलीच न्हाय.

आता? आता बरी हाय. बरी म्हंजे — दवाखान्यातनं घरी आणलीया. जिना चढवंना. डाक्टर म्हंत्यात, काळीज थकलंय. ह्या वयात! भाकरी वाढली तर वाकळंखाली लपीवती. ज्या माणसानं भल्याभल्यास्नी आस्मान दावलं, ते माणूस तिच्या उशाला गिलास घिऊन हात जोडतंय, घोटभर घे म्हणून. तोंड फिरवती. म्हंती, बाबा, डबा आणा, डबा पितो. आन् काल — काल आणला त्यांनी. काय करत्यात वो? पोटात कायतरी जाऊ दे म्हणून आणला. मी बघत उभी ऱ्हायलो.

मग तुमच्या फोनला व्हय का म्हटलं? ह्या डब्याचं माणूस एकदा डोळ्यानं बघायचं हुतं. शिव्या पाठ करून आलतो, खोटं कशाला सांगू. पर तुमी आल्यापासनं बघतोय — मनगटावरचं घड्याळ कोपरापतोर सरकतंय तुमचं. गिलासाकडं बघायचं आन् मान फिरवायची. अगदी तश्शीच. सकाळधरनं काय खाल्लंस गं पोरी? खरं सांग. — काल रातीला? — खाली बघू नगंस, मी काय रागं भरत न्हाय. आई हाय का तुला? ठावं हाय तिला?

फोटोचं जाऊ दे. घे तो गिलास. गार झालंय, पर घे. तुज्या कंपनीला सांगत न्हाय मी. एक घोट. एकच, माझ्यादेखत —

न्हाय?

बरं. मग जा बाई. डबाबी घिऊन जा. तू हितं हाईस तवर म्हस पान्हा सोडायची न्हाय.