नवा तांदूळ

(पालघर. कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर. दुपारची पंगत उठली आहे.)

मैनाबाई : ...तर तुमी जिवलीचे वडील. बसा, ते गाठोडं ठेवा खाली. रेक्टर मॅडम बोलावतीलच तुमाला, पर त्याआधी माझं ऐका. तुमच्या लेकीला माझ्या हातचं गोड लागंना झालंय.

झुंबर : असं नाय व्हायचं, बाय. गावाला आली का तुमचंच नाव. मैनामावशीची आमटी, मैनामावशीची उसळ. तिची आय चिडते.

मैनाबाई : ते आधीचं. आता कितीतरी दिस झालं, भाताला हात लावत न्हाई. आमच्याकडं चपात्या मोजून देतात, दोन. भात मातर पोटभर, त्याला मोजमाप न्हाई. ही पोरगी दोन चपात्यांवर ऱ्हायली आन काल प्रयोगशाळेत चक्कर यिऊन पडली. मॅडमनी मलाच बोलावलं. काय शिजवता हो, म्हनाल्या. आजवर कुनी असं इचारलं न्हवतं मला.

झुंबर : मला फोनवर बोलल्या, पोरीला घरी न्या. बरी झाली का आणा.

जिवली : बाबा! तू कधी आलास?

झुंबर : आत्ताच. मनोरवरून एस्टी भेटली. केवढी सुकलीस गं!

जिवली : मी नाय येणार घरी. सोमवारपासून प्रॅक्टिकल हाय. परीक्षा लांबली म्हणून तर दिवाळीची सुट्टी गेली. आता आले तर वर्ष जाईल.

झुंबर : बरी झाली का परत येशील.

जिवली : तुमी सगळी वीटभट्टीवर निघाल, बारकी पोरं माझ्याकडं देशील, मग कोण येतंय परत? काकाची आनंदी आली का?

झुंबर : आनंदीचं खरं हाय.

मैनाबाई : एवढी शिकायची हौस, तर जेवन सोडून कशाला बसलीस? माझा भात कच्चा ऱ्हातो? खडे लागतात?

जिवली : नाय हो मावशी.

मैनाबाई : मग? दसऱ्यानंतर नवा तांदूळ आला. मी सगळ्यांना सांगत हुते, वास बघा गं कसा सुटलाय. समद्या तुटून पडल्या. तू एकटीनं नाक मुरडलंस.

जिवली : नवा हाय म्हणूनच, मावशी.

मैनाबाई : म्हंजे?

जिवली : आमच्या घरात नवा तांदूळ आधी देवाला दाखवतात, मग सगळी एकत्र बसून खातात. तोवर कुणी तोंडात घालत नाय. दरवर्षी मी दिवाळीला घरी असते. यंदा गेलेच नाय.

मैनाबाई : आन हे मला सांगायला काय झालं हुतं? जुना तांदूळ पडलाय की पिंपात!

जिवली : मैत्रिणी हसल्या असत्या. केमिस्ट्री शिकते आणि भाताला घाबरते. पण मी घाबरत नाय, मावशी. देव काय करणार नाय, मला माहितीये. घरची सगळी माझ्याशिवाय बसणार, आणि मी इथं आधीच खाऊन मोकळी... घास उतरतच नाय.

मैनाबाई : त्यांनी तर कवाच खाल्ला असंल!

झुंबर : नाय खाल्ला.

जिवली : काय?

झुंबर : पोर आली नाय तर कसा खायचा? तांदूळ तसाच कणगीत हाय. तुझी आय रेशनचा जुना शिजवते. बारका रोज रडतो, नवा दे म्हणून. आय म्हणते, ताई येऊ दे.

जिवली : माझ्यासाठी थांबलात? अरे बाबा, फोन तरी करायचास!

झुंबर : केला असता तर तू परीक्षा टाकून आली असतीस.

मैनाबाई : घ्या! हिकडं ही अर्धपोटी, तिकडं तुमी थांबलेले, आन मधल्या मधी बोलनी मी खाल्ली!

झुंबर : म्हणून तर हे गाठोडं आणलंय, बाय. तिची आय बोलली, पोर तांदळाकडं नाय आली तर तांदूळ पोरीकडं न्या. सकाळीच देवाला दाखवून निघालो. एवढा शिजवाल?

मैनाबाई : बाहेरचा शिधा हितं शिजवायचा न्हाई, असा नियम हाय. ...आना हिकडं. मॅडमला मी बगते. जिवले, ते लहान पातेलं धू.

झुंबर : शिजेस्तोवर एक बोलू, बाय? आमी पाऊस लागेपर्यंत भट्टीवर असतो. खोपीत पडलं का आधी सगळा जीव पोरीकडं असायचा. कुठं झोपली असेल, काय जेवली असेल. आता तसं व्हत नाय. इथं पंखा हाय, दाराला कडी हाय, अभ्यासाच्या खोलीत उजेड हाय. आणि जेवायला घालायला तुमी हाय. मॅडमच्या पुढं मला बोलता येत नाय, तुमाला सांगतो. लय उपकार झाले.

मैनाबाई : उपकार कसले, पगार घेते की मी. ...पर असं कुनी म्हनत न्हाई ओ. पोरी पास हुतात, पेढे मॅडमला देतात. बरं वाटलं तुमी बोलला ते. लई बरं वाटलं.

जिवली : मावशी, झाला वाटतं. वास आला.

मैनाबाई : बस, वाढते तुला.

जिवली : आधी तुम्ही. पहिला घास तुमचा.

मैनाबाई : माझा गं कशाला?

झुंबर : आमच्या घरात देवानंतर चुलीपुढं बसते तिचा मान. घरी तिच्या आयचा असतो. इथं तुमचा.

मैनाबाई : अगं, मी कायम शेवटी जेवनारी. साताऱ्याकडं सासूच्या हाताखाली शेवटी, मग मालकाच्या कंपनीतल्या नोकरीमुळं बोईसरला आले तर हितं बी शेवटी. ...बरं. दे.

जिवली : कसा हाय?

मैनाबाई : गोड हाय गं. आता तू घे. हळू, तोंड भाजंल!

झुंबर : फोन लाव तुझ्या आयला.

जिवली : हॅलो, आये? शिजव. हो, नवाच. मी जेवायला बसलेय. आधी तू खा, मग बारक्याला दे. ...नाय, बाबा एकटाच येतोय. परीक्षा झाली का येते मी.

मैनाबाई : मग मॅडमला काय सांगू?

झुंबर : सांगा, बाप आला व्हता, पोर जेवली.

जिवली : मावशी...

मैनाबाई : काय गं?

जिवली : मोठ्या पातेल्यातला तुमचा भात उरलाय ना? तो पण वाढा.