नांदुरटेकचं पहिलं गिऱ्हाईक

या, या. बसा. अहो, पुढं सरका की! पुढची सतरंजी काय पाहुण्यांसाठी राखून ठेवलीय? बरं, राहू द्या. जिथं बसलात तिथं बसा, पण कान इकडं द्या.

मंडळी, आजचा प्रश्न मोठा आहे. आत्मा कुठून आला, कुठं जाणार — तो नव्हे. तो सोपा आहे, त्याचं उत्तर तपासायला कुणी येत नाही! आजचा प्रश्न असा — जो माणूस तुमच्या गळ्याशी वस्तरा धरतो, आणि तरी तुम्ही त्याच्यापुढं डोळे मिटून डुलकी घेता, त्या माणसाच्या हातावर दरापेक्षा वर काही ठेवावं का? ठेवावं तर किती? आणि खरी मेख इथंच आहे — ते कधी ठेवावं?

हसलात? हसा. हसणं फुकट आहे, म्हणून मोकळेपणानं हसताय.

ऐका. नांदुरटेक नावाचं गाव. सातशे उंबरा. देवळं चार, पुढारी चाळीस, आणि सलून एक. सलून तुळशीराम बिडव्याचं. मालक तोच, कारागीर तोच, खाली पडलेले केस झाडणाराही तोच. कटिंग पन्नास, दाढी तीस. फिरती खुर्ची, समोर आरसा, आणि बाहेर एक लांब बाक. त्या बाकावर गावाचं सगळं राजकारण चालायचं. तीस वर्षं तुळशीरामानं गावाची डोकी सांभाळली. वरून, हं! आतून नाही. आतलं त्याच्या हातात नव्हतं.

आणि मग त्या रोगाचा तो मोठा बंद आला. आठवतंय ना? आपण थाळ्या वाजवल्या. जोरात वाजवल्या! थाळी वाजवायला पैसे पडत नाहीत.

तुळशीरामाचं शटर तीन महिने खाली. आणि गावाचे केस वर! वर म्हणजे, आधी वर, मग बाजूला, मग खाली मानेवर. सरपंच हणमंतरावांचे केस वहिनींनी घरी कापले. कशानं? कोथिंबिरीच्या कात्रीनं! एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला उतार. त्यांनी तीन महिने टोपी काढली नाही. लोक म्हणाले, सरपंच किती साधे झाले!

त्या दिवसांत गावात तुळशीरामाची काय आठवण निघायची म्हणून सांगू! "तुळशीरामासारखा हात नाही हो." "देवमाणूस!" "एकदा उघडू द्या दुकान, सोन्यानं मढवतो त्याला." हे सोनं कुणाच्या घरचं, ते कुणी विचारलं नाही.

अखेर सरकारचा हुकूम आला. गुरुवारी सकाळी आठपासून सलून उघडायला परवानगी. झालं! बुधवारी चावडीवर बैठक बसली. तिथं निवृत्त अंबादास गुरुजींनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला आणि वाचून दाखवलं — परदेशात म्हणे, इतक्या दिवसांनी दुकान उघडलं की लोक केस कापणाऱ्याला दराच्या वर बक्षिसी देतात. काही जण तर दुप्पट! न आलेल्या दिवसांचेसुद्धा देतात काही जण!

बैठकीला भरून आलं. मोतीशेठ किराणावाल्यांनी डोळे पुसले. "आपण काय परदेशापेक्षा कमी आहोत?" हणमंतराव गरजले. आणि ठराव झाला. मी तुम्हाला म्हणूनच दाखवतो, पाठ आहे मला—

'ठराव क्रमांक अकरा. श्री. तुळशीराम बिडवे यांचे दुकान दीर्घ काळानंतर उघडत असल्याने, बोहनीच्या म्हणजे पहिल्या गिऱ्हाइकाने त्यांना आनंदाने दुप्पट पैसे द्यावेत. पुढील गिऱ्हाइकांनी नेहमीप्रमाणे. सूचक मोतीलाल, अनुमोदक अंबादास. सर्वानुमते मंजूर. टाळ्या.'

म्हादू, वाजव रे एक टाळी पखवाजावर! — हं! असा कडकडाट झाला.

आता लक्षात आलं का मंडळी? दानशूर कोण? सगळे! द्यायचे कुणी? पहिल्यानं! अहो, परक्याच्या खिशातून उदार व्हायला किती हलकं वाटतं! पिसासारखं!

फक्त एक गोष्ट राहून गेली. हा ठराव तुळशीरामाला कुणी सांगितला नाही. "अचानक आनंद देऊ त्याला," असं गुरुजी म्हणाले.

इकडं तुळशीरामाच्या घरी काय चाललं होतं? त्याच्या मेव्हण्यानं नाशिकला एका कारखान्याच्या गेटवर रखवालदाराची जागा बघून ठेवली होती. शुक्रवारी सकाळी हजर व्हायचं. तुळशीराम म्हणत होता, "कौसे, लोक माझ्या हाताखाली डोकं देतील का गं आता? ह्या रोगात?" कौसाबाई, त्याची बायको, म्हणाली, "गुरुवारी दुकान उघडा. दिवसभर बघू. एक माणूस खुर्चीत बसला, एक, तरी इथंच राहू. नाहीच कुणी बसलं, तर संध्याकाळी पाचची एसटी." आणि तिनं बॅग भरून दुकानातल्या पडद्यामागं ठेवली.

एक माणूस! मंडळी, तिनं गाव नाही मागितलं. एक माणूस.

गुरुवार उजाडला. तुळशीरामानं दुकान धुतलं. कात्र्या उकळत्या पाण्यातून काढल्या. जुन्या एक्स-रेची फिल्म घासून पारदर्शक केली, तिला इलास्टिक लावून तोंडापुढं धरायची काच केली. हात साबणानं इतके धुतले की बोटांच्या पेरांना सुरकुत्या पडल्या. आठ वाजता शटर वर. खुर्चीवर पांढरं कापड. आणि हा उभा, हात मागं बांधून.

सव्वाआठला बाक भरलं! हणमंतराव आले, गुरुजी आले, मोतीशेठ आले, आणखी दोघं-तिघं आले. सगळ्यांच्या मानेवर केस, कानावर केस. सगळे हसतमुख. आणि सगळे — बाकावर.

"या ना, सरपंच," तुळशीराम म्हणाला.

"छे छे! गुरुजी वडीलधारे. आधी गुरुजी."

"मला कसली घाई? निवृत्त माणूस मी. मोतीशेठ, तुमचं दुकान उघडायचंय ना? बसा तुम्ही."

"माझं काय, गुरुजी, नोकर बघतोय. मान सरपंचांचा!"

काय नम्रता! अशी नम्रता मी देवळात नाही बघितली. म्हणा माझ्याबरोबर, टाळ घ्या—

आधी तुम्ही हो, आधी तुम्ही,
मागून येतो आम्ही!

वाहवा! किती सुरात म्हणता! सवयीचं दिसतंय.

दहा वाजले. अकरा. आता नुसता मान पुरेना, मग शास्त्र निघालं.

"आज गुरुवार. आमच्यात गुरुवारी केस कापत नाहीत."

"शेठ, गेल्या वर्षी तुम्ही दत्तजयंतीला दाढी केलीत."

"ती दाढी. हे केस."

"माझा तर जन्मवार आहे आज."

"आमच्या घरात बाई गरोदर आहे. नवऱ्यानं कात्री लावायची नसते."

"अहो, तुमची सूनबाई गरोदर आहे, तुम्ही सासरे!"

"घर तर एकच ना!"

आणि कुजबुज वेगळीच. "मालकाला वर पैसे द्यायचे नसतात हो. नोकराला देतात. मालकाला दिले तर त्याला अपमान वाटतो." "आणि दुप्पट म्हणजे कशाच्या दुप्पट? माझे अर्धे केस बायकोनं कापलेत. म्हणजे पंचवीसच्या दुप्पट, पन्नासच झाले की!" "तुळशीराम म्हणजे घरचा माणूस. घरच्या माणसाला बक्षिसी देतात का कुठं?"

घरचा माणूस! मंडळी, जपा हं. तुम्हाला कुणी घरचा माणूस म्हणालं की समजा, फुकटात काम आहे.

आत तुळशीराम काय समजत होता? त्याला कुजबुज ऐकू येत होती, शब्द येत नव्हते. तो बघत होता, माणसं येतात, बसतात, खुर्चीकडं बघतात आणि मान खाली घालतात. प्रत्येक तासाला तो आत जायचा आणि पुन्हा हात धुवायचा. पुन्हा बाहेर यायचा आणि तळवे असे पुढं करायचा, दिसावेत म्हणून. दुपारी त्यानं खुर्ची दारापाशी आणली. वाऱ्यावर बसलं तर लोकांना भीती वाटणार नाही म्हणून! ती लोखंडी खुर्ची, एकट्यानं ओढत आणली. बाकावरून कुणी हात लावला नाही. हात लावला आणि तोच पहिला नंबर धरला तर?

साडेचार झाले. तुळशीराम दारात आला. तोंडापुढची काच वर केली. म्हणाला, "मंडळी, एक विचारू? खरं सांगा. माझ्या हाताची किळस येते का तुम्हाला? भीती वाटते?"

बाकावरचे सगळे आपापल्या चपलांकडं बघायला लागले.

"वाटत असेल तर मी समजू शकतो. जिवापुढं काय. माझी बॅग भरलेली आहे, पाचच्या गाडीनं मी नाशिकला चाललोय नोकरीला. मला राग नाही. फक्त खरं ऐकून जाईन."

आता गुरुजी! गुरुजींना खोटं बोलवेना, खरंही बोलवेना. घसा खाकरला. "अरे, भीती कसली, तुळशीराम! तसं नाही काही. तो एक ठराव झालाय... तुझ्या भल्याचाच... पहिल्यानं दुप्पट द्यायचे, असा. म्हणून जरा... ज्यानं त्यानं..."

"दुप्पट म्हणजे शंभर?"

"हो."

"म्हणजे वरचे पन्नास?"

गुरुजींनी मान हलवली.

तुळशीरामानं तोंडापुढची काच काढून ठेवली. मग म्हणाला, "ठराव मी मोडला. मला नेहमीचेच द्या. कोण बसतंय?"

आणि मंडळी — आख्खं बाक उठलं! एकदम! सरपंच, गुरुजी, शेठ, सगळे! "माझा नंबर आधी!" "मी सव्वाआठपासून बसलोय!" "अरे, मान सरपंचाचा!" धक्काबुक्की! गुरुवार गेला, जन्मवार गेला, गरोदर सूनबाई गेली! मोतीशेठनी तर तुळशीरामाचा दंड धरला. जो हात दिवसभर लांब होता, तोच हात ओढत होते दोघं-तिघं!

तुळशीरामानं दंड सोडवून घेतला. खुर्चीवरचं कापड उचललं, झटकलं, चार घड्या घातल्या. आणि म्हणाला,

"मला वाटलं, तुम्ही मरणाला भिताय. तसं असतं ना, तर मी थांबलो असतो."

पडद्यामागून बॅग घेतली. शटर खाली ओढलं. किल्ली खिशात. पाचची गाडी त्या दिवशी पाचलाच आली. एसटी वेळेवर कधी येते? नको तेव्हा!

काय रे म्हादू? हात का थांबला? विचार, विचार, मोठ्यानं विचार.

"बुवा, तुम्हाला हे इतकं बारीक कसं ठाऊक?"

भला प्रश्न काढलास. मंडळी, नांदुरटेक माझं आजोळ. मी अडकून पडलो होतो तिथं बंदमध्ये. बाकावर चौथा मी होतो. आणि उठण्यात — दुसरा. बाकावर चौथा, उठण्यात दुसरा! माझ्या गळ्यात तेव्हाही ही माळ होती. आजपर्यंत कीर्तनात हे आख्यान सांगताना मी 'आणखी दोघं-तिघं' म्हणून पुढं सरकायचो. आज गरोदर सुनेच्या सासऱ्याच्या शेजारची जागा कुणाची होती, ते सांगितलं.

पुढं? पुढं नांदुरटेकची माणसं केस कापायला तालुक्याला जायला लागली. जाता-येता साठ रुपये एसटी. तिथं कटिंग ऐंशी. आणि तिथं वर वीस ठेवतात, कारण तिथं पोरगं टाय लावून 'सर' म्हणतं, मग लाज वाटते. बेरीज तुम्हीच करा, मी हिशेबात कच्चा आहे.

आता इकडं या. तुमच्या गावात. रस्ता रुंद झाला तेव्हा कडेची दुकानं पाडली. त्यात सुदामरावांचं सलून गेलं. आठ महिने बंद. सोमवारी नवी टपरी उघडली त्यांनी, शाळेच्या कोपऱ्यावर. मी आज दुपारी तिथून आलो. बाक भरलेलं होतं. पेपर वाचत होते सगळे. खुर्ची रिकामी! मी म्हटलं, अरे, हे बाक मी ओळखतो.

मागं वळू नका! वळलेच सगळे. हो, तेच ते, चपलांपाशी बसलेत. चार दिवस झाले उघडून, आणि तुमच्या सगळ्यांच्या कानावर केस आहेत. नवीन दुकान, दर वाढवला असेल, पहिल्यानं काहीतरी जास्त द्यावं लागेल, आधी दुसरा जाऊ दे. बरोबर? नाही म्हणू नका, पुढच्या ओळीतले काका आत्ताच टोपी सरळ करत होते.

सुदामराव, कात्री-वस्तऱ्याची पेटी आहे का जवळ?

"आहे, बुवा. सायकलला."

आणा. ऊन आहे अजून, उजेड आहे. इथं गादीपाशी नको, मी खाली उतरतो. देवळाच्या बाहेरच्या पायरीवर बसतो. सगळ्यांना दिसेल. हे पागोटं काढलं. बघा! दोन महिन्यांचे आहेत. मीही टाळतच आलोय, खोटं कशाला बोलू?

कटिंग किती?

"साठ, बुवा."

साठ. मंडळी, वर किती, ते तुम्हाला दिसणार नाही. मूठ मिटून दिलं. ठराव नाही, सूचक नाही, अनुमोदक नाही. आणि कापल्यावर नव्हे, आधी दिलं. कापल्यावर देतो तो आरशात बघून देतो — स्वतःला बघून! सुदामराव, मोजू नका इथं. घरी जाऊन बघा. आणि ते फेडायचं म्हणून माझी जास्त मालिश करायची नाही.

म्हादू, पखवाज राहू दे. टाळ खाली ठेवा. कात्रीचा आवाज ऐकू दे थोडा वेळ.

हं. धरली मान सुदामरावांनी. आता मला वळता येणार नाही. मागं कोण उठून रांगेत उभं राहिलं, कोण चपला शोधत हळूच निघालं — मला काही दिसायचं नाही.

त्यांना दिसेल.